चुन्यात खोट नव्हती

बुधवारी सकाळी कढईतला साबण बसेना. वल्ह्यावर घेतला की दाट लगदा पडायला हवा; पडत होतं ते तेलकट पाणी. वर शेंगतेलाचा तवंग, खाली गढूळ पाणी, मध्ये कुठेतरी थोडा साबण.

मालक भूपालअण्णा कढईच्या काठाशी उभे होते. निपाणीच्या जैन व्यापारी घरातला माणूस. तंबाखूची वखार भावाच्या हाती देऊन त्यांनी गावातच हा साबणाचा कारखाना काढला होता.

"केमिस्ट, ह्ये काय?"

"बसेल, अण्णा. अजून तासभर उकळू दे."

"तुमचा तासभर काल दुपारपासनं चाललाय."

सोमवारी बेळगावच्या कॅम्पातून लष्कराचा साहेब नमुना न्यायला येणार होता. लष्करी दवाखान्याचे कपडे धुवायला साबण हवा होता. नमुना पास झाला तर वर्षभराचं काम, नापास झाला तर कारखान्याला कुलूप, हे अण्णांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. ते उगाच भीती घालत नव्हते. दुसरं महायुद्ध चालू होतं. तेल, जळण, सोडा, सगळं परमिटवर.

मी तेव्हा तिशीचा होतो. बी.एस्सी. झालेला, कारखान्यातला एकुलता एक पदवीधर. आता मी बेळगावात एका हायस्कुलावर रसायनशास्त्र शिकवतो. त्या आठवड्यात जे झालं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. आता लिहितो आहे.

साबण कसा होतो ते आधी सांगायला हवं. तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र उकळले की साबण होतो. कॉस्टिक पूर्वी विलायतेहून पत्र्याच्या पिंपांतून यायचा. लढाईत तो बंद झाला. मिळायचा तो धुण्याचा सोडा. त्याने तेलाचा साबण होत नाही. पण धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून त्यात कळीचा चुना घालून उकळला, की चुना सोड्याशी अदलाबदल करतो. पांढरा गाळ तळाला बसतो आणि वरच्या निवळीत कॉस्टिक तयार होतो. या निवळीला साबणवाले लाय म्हणतात. आमची लाय अशी घरीच व्हायची.

लाय करायचं काम सिद्धाप्पाचं. सदलग्याचा माणूस, साठीचा. तरुणपणी रंगाऱ्यांकडे खार काढायचा. त्याला सगळे आप्पा म्हणत. घरी कन्नड, कारखान्यात मराठी, आणि रागावला की दोन्ही. चुना तोच आणायचा, तोच विरवायचा. लाय झाली की नाही ते बघायची त्याची एक रीत होती. त्याच्याकडे हरभऱ्याच्या आंबेची बाटली असायची. थंडीत पहाटे हरभऱ्याच्या पिकावर धडपं, म्हणजे जुनी कापडं, पसरतात, दवाबरोबर आंबटपणा त्यात उतरतो, तो पिळून बाटलीत भरतात. आमच्याकडे पोटदुखीवर देतात. आप्पा वाटीभर आंबेत लायीचे दोन थेंब टाकायचा. फसफसलं तर सोडा शिल्लक आहे. गप्प राहिलं तर लाय झाली.

मी या वाटीला हसायचो. माझ्याकडे ट्वाडलची नळी होती. द्रावण किती जड आहे ते ती दाखवते. लायीत कॉस्टिक किती आणि सोडा किती हे वेगळं कळायला फिनॉल्फ्थॅलिन लागतं, ते संपलं होतं. बेळगावच्या खडेबाजारातला औषधवाला म्हणाला होता, "लढाई संपली की या." म्हणून मी नळीवर भागवत होतो. नळीला जड तेवढं कळतं. कशानं जड, ते कळत नाही. हे मला पाठ होतं आणि तरीही.

दोन दिवस आधी, सोमवारी, मी एक सुधारणा केली होती. आप्पा सोड्याच्या एका घागरीला पाण्याच्या दहा घागरी घ्यायचा. लाय पातळ व्हायची, आणि नंतर कढईत ते सगळं पाणी आटवायला जळण लागायचं. जळणासाठी अण्णा रोज डोकं धरून बसत. मी म्हणालो, पाणी चारच घागरी घ्या. सोडा तेवढाच, चुना तेवढाच, मग कॉस्टिकही तेवढाच मिळणार. पाणी कशाला शिजवायचं?

अण्णा खूश झाले. आप्पा म्हणाला, "नीर बेकु, सायेब. पाणी लई लागतंय ह्येला."

"का लागतं?"

"का त्ये मला न्हाय ठावं. लागतंय."

"ठावं नाही ना? मग चारच."

मंगळवारी ती लाय कढईत गेली. बुधवारी सकाळी काय झालं ते सांगितलंच.

आप्पाने माझ्यासमोर वाटीत दोन थेंब टाकले. वाटी सोडावॉटरसारखी फसफसली.

"सोडा तसाच हाय. पाणी वाढवा, सायेब."

मला तेव्हाच ऐकायला हवं होतं. पण अण्णा शेजारी उभे होते. पाणी वाढवायचं म्हणजे माझी सुधारणा दोन दिवसांत मागे घ्यायची. मी म्हणालो, "चुना कमी पडलाय. आणखी घाला."

नवा घाणा केला. चार घागरी पाणी, चुना दीडपट. संध्याकाळी वाटी तशीच फसफसली.

गुरुवारी सकाळी चुना दुप्पट केला. गाळ एवढा दाट झाला की ढवळणाऱ्याचं वल्हं मोडलं. निवळी कशीबशी काढली. फेस तेवढाच.

ढवळणारा म्हणाला, "आता चुनाच उकळायचा का, सोडा नगंच?" एकदोघं हसले. अण्णा हसले नाहीत.

"आज गुरुवार हाय, केमिस्ट. उद्या कढई चढली न्हाय तर सोमवारी मी सायबाला काय दावू? तवंग?"

अंगणात दहा-बारा माणसं होती. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे. माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालली होती: चुना दुप्पट घातला तरी फरक नाही. मग मी बोललो.

"चुन्यातच जीव नाही, अण्णा. हा चुना मेलेला आहे. नीट भाजलेला नाही."

आप्पा चुलीपाशी बसला होता तो उठला. "मेल्याला? काल तुमच्याम्होरं विरवला न्हवं? पाणी पडल्यापडल्या कडकडला, हातभर वाफ काढली. मेल्याला चुना वाफ काढतोय व्हय?"

त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. भट्टीत नीट न भाजलेला किंवा हवेत पडून मेलेला चुना पाण्यात टाकला तर गार राहतो. आदल्या दिवशीची वाफ मी स्वतः पाहिली होती, चष्मा पुसला होता. पण आता मला थांबता येत नव्हतं.

"वाफ सगळेच काढतात. चुना कुठून येतो?"

"तायव्वाच्या भट्टीवरनं. पाच वर्सं तितनंच येतोय."

तायव्वा म्हणजे गावाबाहेर ओढ्याकाठी चुन्याची भट्टी चालवणारी बाई. विधवा. नवऱ्यामागे भट्टी तिनेच चालवली होती. ती सदलग्याकडची, हे मला माहीत होतं. मी म्हणालो,

"तुझ्या गावची बाई. म्हणून कसाही चुना चालतो, होय ना आप्पा?"

 मी काय सुचवलं ते सगळ्यांना कळलं. मलाही बोलताना कळलं होतं.

आप्पाने माझ्याकडे पाहिलं नाही. तो अण्णांना म्हणाला, "अण्णा, तुमी काय म्हणतासा?"

अण्णांनी मोडलेल्या वल्ह्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आप्पा, दोन दिस घरला जावा तुमी. चुना दुसरीकडनं आणतो."

दोन दिवस म्हणजे किती, ते सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पाने कमरेची चुन्याच्या खोलीची किल्ली काढून चुलीच्या काठावर ठेवली. सदलग्याकडची मोटार संध्याकाळी पाचला सुटायची. तोवर तो फाटकाबाहेर चिंचेखाली जाऊन बसला.

अण्णांनी संकेश्वरकडे गाडी पाठवली, नवा चुना आणायला.

दुपारी मी खोलीत एकटा होतो. मला चुन्याची खोट कागदावर दाखवायची होती. नमुना फसलाच तर साहेबाला देण्यापुरती. लिहिता लिहिता मी अडलो. चुना मेलेला असता तर दुप्पट घातल्यावर थोडा तरी फरक पडला असता. कणभरही पडला नव्हता. हे मेलेल्या चुन्याचं लक्षण नाही.

मी कॉलेजचं पुस्तक काढलं. तो धडा मी परीक्षेसाठी घोकला होता. आता वर्गात मी तो जसा सांगतो तसाच इथे सांगतो.

काही क्रिया दोन्हीकडे चालतात. चुना आणि सोडा मिळून कॉस्टिक होतो, आणि त्याच वेळी कॉस्टिक गाळाशी मिळून परत सोडा होत असतो. सुरुवातीला पुढची क्रिया जोरात चालते, मागची हळू. होता होता दोघींचा वेग सारखा होतो. मग बाहेरून काही बदलताना दिसत नाही. आत दोन्ही चालूच असतात. याला रासायनिक समतोल म्हणतात. त्या वेळी कॉस्टिक किती आणि सोडा किती, याचं एक ठरलेलं नातं असतं. ठराविक तापमानाला त्याचा आकडा बदलत नाही. त्याला समतोल स्थिरांक म्हणतात.

आमच्या लायीत तो आकडा असा निघतो: कॉस्टिकची तीव्रता स्वतःशीच गुणायची आणि सोड्याच्या तीव्रतेने भागायचं. मुलांना कळावं म्हणून मी सोपा आकडा घेतो. समजा स्थिरांक छत्तीस आहे. पातळ लायीत कॉस्टिक सहा, सोडा एक. सहा सक छत्तीस, भागिले एक. जमलं. आता पाणी कमी करून कॉस्टिक दुप्पट दाट करायचा म्हटलं. बारा. बारा बारे एकशे चव्वेचाळीस. भागून छत्तीसच यायला हवेत, म्हणजे सोडा चार हवा. कॉस्टिक दुप्पट झाला, पण न बदललेला सोडा चौपट शिल्लक राहिला. जितकी दाट लाय, तितका जास्त सोडा तसाच. दाट केली की क्रिया मागे सरते.

आणि चुना? तो या भागाकारात कुठेच नाही. तळाला न विरघळलेला चुना थोडा उरला असला की पुरे. मूठभर उरला काय आणि टोपलीभर उरला काय, आकडा तोच. म्हणून दुप्पट चुन्याने काही झालं नव्हतं.

मी अंगणातून सकाळचाच घाणा, गाळासकट, भांडंभर आणला. त्याच गाळात पाणी वाढवलं. स्टोव्हवर अर्धा तास ढवळत उकळला. निवळू दिला. आप्पाची वाटी चुलीपाशी तशीच पडली होती. तीत आंब ओतली आणि निवळीचे दोन थेंब टाकले.

फेस नाही. एक बुडबुडा आला आणि गेला. चुना तोच होता, तायव्वाचा.

तेव्हा घड्याळात चारला दहा मिनिटं कमी होती. मी वेळ बघितली, कारण मोटार पाचला होती. खिडकीतून चिंच दिसत होती. आप्पा धोतराच्या सोग्याने मान पुसत होता. मधलं अंतर पन्नास पावलांचं. मी काय काय विचार केला ते सगळं लिहीत नाही. थोडक्यात, मी माझी नोकरी मोजली आणि त्याची नोकरी मोजली, आणि माझी मला जड वाटली. दारापर्यंत गेलो. परत आलो. भांड्यातलं मोरीत ओतलं आणि भांडं विसळून ठेवलं. पाच वाजता मोटारीचा भोंगा ऐकला.

संध्याकाळी संकेश्वरचा चुना आला. अण्णा म्हणाले, "आता?"

"हा चुना चांगला आहे. फक्त याला पाणी जास्त लागेल. दहा घागरी घ्या."

"धा?"

"हो. चुना कडक आहे."

असं काही नसतं. चुना कडक असला काय आणि मऊ असला काय, त्याचा त्या पाण्याशी संबंध नाही. अण्णांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बरं. धा."

शुक्रवारी कढई चढली. शनिवारी साबण साच्यात ओतला. सोमवारी साहेब आला, वडी हातात घेऊन नखाने टोचली, वास घेतला, तीन वड्या घेऊन गेला. नमुना पास झाला. नमुन्याच्या कागदाखाली माझी सही होती, पदवीसकट. अण्णांनी पेढे वाटले. ढवळणाऱ्याने मला जास्तीचा पेढा दिला.

आप्पाला परत बोलावलं नाही. निपाणीत दोन साबणवाले आणखी होते. त्यांनीही ठेवला नाही. गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती, आणि चुन्यापेक्षा माझं तायव्वाबद्दलचं वाक्य जास्त पोचलं होतं. पुढे दीड वर्षाने मी त्याला एका तंबाखूच्या वखारीत पाहिलं. तोंडाला फडकं बांधून चाळण मारत होता, त्या वयात, त्या धुळीत. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो.

लढाई संपली तशी मी नोकरी सोडली आणि शिक्षक झालो. समतोलाचा धडा पुस्तकात अर्ध्या पानाचा आहे. मी त्याला दोन तास देतो. निपाणीच्या लायीचं उदाहरण देतो. एका केमिस्टने पाणी कमी केलं, एवढंच. बाकी माणसं वगळून.

गेल्या वर्षी एका मुलाने विचारलं, "सर, मग त्या केमिस्टला कळलं कधी?"

मी म्हणालो, "उशिरा." खोटं होतं. मोटार सुटायला सत्तर मिनिटं बाकी होती.

त्या रविवारी मी निपाणीला गेलो. भूपालअण्णा आता म्हातारे झालेत, कारखाना विकून टाकलाय. ओसरीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, पान लावत राहिले.

"मला ठावं हुतं," ते म्हणाले.

"काय?"

"तुमी धा घागरी म्हणालासा, तवाच. आप्पा पयल्यापासनं धाच म्हणत हुता की वो. मी काय येडा हाय?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"नमुन्याच्या कागदावर डिग्रीवाल्याची सही लागत हुती. आप्पाचा अंगठा चालत न्हवता. तुमी स्वता बोलला असतासा, तर दोघांस्नीबी ठेवलं असतं. तुमी गप बसलासा. मग मीबी गप बसलो." पान माझ्यापुढे करत म्हणाले, "घ्या. आता उकरून काय करतासा?"

मला वाटलं होतं माझ्यावरचा भार थोडा हलका होईल. झाला नाही. आणखी एक माणूस त्यात होता एवढंच कळलं.

तिथून सदलग्याला गेलो. आप्पा जिवंत होता. पंचाहत्तरी ओलांडलेली, दम लागायचा. त्याने मला आवाजावरून ओळखलं; मी मास्तर झालो हे त्याच्या कानावर होतं. सुनेने चहा ठेवला. मी उभ्यानेच बोललो. चुना चांगला होता, चूक पाण्याची होती, ती माझी होती, मला त्याच दुपारी कळलं होतं. तू चिंचेखाली बसला होतास तेव्हा, हेही सांगितलं.

त्याने हाताने समोरची घोंगडी दाखवली. मग म्हणाला, "बसा की मास्तर."

मी बसलो.

"ह्ये मला कशाला सांगतासा? मला ठावं हाय की चुना चांगला हुता. म्या विरवल्याला. जितं बोललासा, तितं सांगा."

"तिथं आता वखार आहे, आप्पा. त्या वेळचं तिथं कुणी नाही."

"न्हाय?" त्याने दम घेतला. "मग लिवा. लिवायला येतंय न्हवं तुमास्नी?"

मी हो म्हणालो. त्याने चहा बशीत ओतला. अर्धी बशी पिऊन त्याने विचारलं, "आणि तायव्वाकडं गेलतासा काय?"

मी गेलो नव्हतो. इतक्या वर्षांत माझ्या अपराधात मी एकच माणूस धरला होता. त्या बाईचा चुना मी मेलेला ठरवला, तिचं नाव त्या अंगणात घेतलं, आणि मला ती आठवलीही नव्हती.

"तिची भट्टी त्याच साली बंद पडली," आप्पा म्हणाला. "कोण घेणार तिचा चुना? पोरीकडं गेली म्हणत्यात, हुबळीकडं कुटंतरी. जित्ती हाय का न्हाय, मला ठावं न्हाय."

मी हुबळीला दोनदा जाऊन आलो. चुनेवाल्यांच्या वस्तीत विचारलं. सापडली नाही. अजून विचारतो आहे.

वर्गात आता मी शेवटी मुलांना एक लिहून देतो. प्रयोग फसला तर या क्रमाने तपासा: आधी आपलं माप, मग आपलं पाणी, मग आपली आच. माल सगळ्यात शेवटी. आणि ज्याने माल आणला तो माणूस या यादीत धरू नका.